मेलितोनची चार मुलं

बाबांनी लिहून ठेवलंय, एवढ्या एका भरवशावर ओतिलिया कुआमात्सीने बापाच्या मयतीनंतरचे तीन आठवडे काढले होते. म्हातारा मेलितोन धडधाकट होता तेव्हा चारचौघांत सांगायचा, "जमीन कुणाला द्यायची ते त्लाश्कालाच्या कचेरीत लिहून दिलंय, पाकीट बंद करून. मी गेलो की उघडा." म्हणून मार्चच्या पहिल्या सोमवारी ती आणि तिचा थोरला भाऊ फर्मिन जमीन नोंदणीच्या कचेरीत बाकावर जाऊन बसले, तेव्हा ती निर्धास्त होती. अठ्ठावीस वर्षं ती बापाबरोबर त्या रानात राबली होती. दुसरं कुणाचं नाव असणार?

कारकुनाने दोघांच्या देखत पाकीट फोडलं. आत एकच कागद, त्यावर एकच नाव. देल्फिना. त्यांची आई. कागद बावीस वर्षांपूर्वीचा होता आणि आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानंतर म्हाताऱ्याला पुन्हा कचेरीची पायरी चढायला सवड झालेली नव्हती.

"बाई हयात नसतील तर हा कागद नसल्यात जमा," शेजारच्या टेबलावरची वकीलबाई म्हणाली. तरुण होती, सल्ला द्यायला सरकारने बसवलेली. "एहिदोची जमीन आहे ही, सरकारने गावाला सामाईक दिलेली. तिचे तुकडे पडत नाहीत. हक्क एकाच मुलाच्या नावावर चढतो. कुणाच्या, ते तुम्ही भावंडांनी ठरवायचं. वडील गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत."

"आणि नाही ठरलं तर?" ओतिलियाने विचारलं.

"तर लिलाव. गावातल्याच माणसांमध्ये. जे येईल ते मुलांना सारखं वाटायचं."

फर्मिनने मान डोलावली. त्याला हे आधीच माहीत असावं.

"मुलं किती?" वकीलबाईने पेन उघडलं.

"तीन," फर्मिन म्हणाला. "मी, ही, आणि धाकटा नाबोर. तो सीमेपलीकडे असतो, कोंबड्यांच्या कारखान्यात."

"नीट सांगा हं. एकाही मुलाची सही राहिली आणि उद्या तो दारात येऊन उभा राहिला, तर सगळा कागद रद्द होतो."

ओतिलिया आपल्या हातांकडे बघत होती. घायपाताच्या रसाने तिच्या बोटांची कातडी कायमची तांबूस, भेगाळलेली झाली होती. आई मरताना हाच हात धरून म्हणाली होती, "ती वामान्त्लाची पोरगी माझ्या उंबऱ्याच्या आत नाही आली पाहिजे. शब्द दे." ओतिलियाने शब्द दिला होता, आणि पाळलाही होता. तीन आठवड्यांपूर्वी, बाबा घरात चार मेणबत्त्यांच्या मध्ये ठेवलेले असताना, पांढरी फुलं घेऊन आलेल्या त्या बाईच्या तोंडावर तिनेच फाटक लावलं होतं. आतून कडी घालून.

"चार," ओतिलिया म्हणाली.

फर्मिनची मान वळली.

"चौथी कासिल्दा. वामान्त्लाला असते. बाबांनी तिच्या जन्मनोंदीत स्वतःचं नाव लावलंय. कासिल्दा कुआमात्सी."

वकीलबाईने चारचा आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

*

फर्मिनच्या गाडीतून दोघं आपिसाकोला आली. तिथे त्याचं दुकान होतं, सिमेंट, रंग, खिळे, पत्रे यांचं. दुकानासमोर गाडी थांबवून त्याने इंजिन बंद केलं.

"आईच्या नावाने शपथ घेतली होतीस ना गं?"

"घेतली होती."

"मग? बापाची लफडी सरकारी वहीत उतरवायची हौस आली?"

"वहीत बाबांनीच उतरवलीत. नोंद आहे तिची. मी लपवून ती पुसली जाणार आहे का?"

"मी सगळं बसवलं होतं," फर्मिन म्हणाला. "नाबोर माझं ऐकतो. जमीन माझ्या नावावर, तुला राहायला घर, विषय संपला. आपल्या गावचा रुतिलिओ ती कसायला घेणार होता. हरितगृहं घालणार, टोमॅटो लावणार."

"आणि घायपातं?"

"उपटणार. अजून काय करणार, आरती?"

"तीनशे झाडं आहेत, फर्मिन. त्यातली चाळीस यंदा नीरेला येतील."

"तुला मूल ना बाळ. पन्नाशीला टेकलीस. कुणासाठी चाललंय हे?"

"ते माझं मी बघेन," ती म्हणाली आणि दार उघडून खाली उतरली. तिच्या गावाची, अतेत्लाची बस चौकातून सुटायची होती. सकाळची झाडं तिने शेजारच्या सेलेदोनियोवर सोपवली होती, संध्याकाळची तिला स्वतःला खरवडायची होती.

घायपाताला सुट्टी नसते. दहा-बारा वर्षं ते झाड नुसतं वाढतं. मग त्याच्या पोटातून फुलाचा दांडा वर यायच्या बेतात असतो तेव्हा तो कोंब कापायचा, पोटात वाडगा कोरायचा, काही महिने थांबायचं. त्यानंतर दिवसातून दोनदा त्या वाडग्याची भिंत खरवडायची आणि साठलेली नीरा लांबट भोपळ्याच्या नळीने तोंडाने ओढून काढायची. एक फेरी चुकली तर जखम भरून येते, रस आटतो. चार-सहा महिने झाड देत राहतं आणि मग मरतं. गावात हे काम बाप्यांचं समजलं जायचं. फर्मिन शहरात पळाला, नाबोर सीमेपार गेला, तेव्हा म्हाताऱ्याने कुरकुरत ओतिलियाच्या हातात खरवडणी दिली होती. पुढची कित्येक वर्षं गावातल्या पुल्केच्या, म्हणजे आंबवलेल्या नीरेच्या, दुकानात लोक तिला चिडवत, "काय मेलितोनच्या थोरल्या मुला, कशी काय आहे आज नीरा?" ती म्हणायची, "तुझ्या जिभेपेक्षा गोड."

नाबोरला तिने रविवारी फोन लावला. मागे त्याच्या मुलांचा इंग्रजीतला कालवा चालू होता.

"फर्मिन म्हणतो, थोरल्याचा मान असतो," नाबोर म्हणाला.

"तो काय म्हणतो ते मला तोंडपाठ आहे. तू काय म्हणतोस?"

"मी एकोणिसाव्या वर्षी गेलो, ओती. त्या जमिनीबद्दल बोलायचं तोंड नाही मला. जो तिथे उभा आहे त्याला माझी सही. वकिलातीतून कागद करून पाठवतो." मग म्हणाला, "पण त्या पोरीकडे तू जाणार? आईला काय वाटलं असतं?"

"वाईट वाटलं असतं," ओतिलिया म्हणाली. "तरी जाणार."

*

वामान्त्लाला कासिल्दाचं दुकान चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. काचेआड बाळ येशूच्या लहान-मोठ्या मूर्ती ओळीने बसवलेल्या, कुणी पांढऱ्या झग्यात, कुणी सोनेरी किनारीच्या अंगरख्यात. फेब्रुवारीत सगळा गाव आपापल्या घरचा बाळ येशू सजवून चर्चमध्ये नेतो, तेव्हा कासिल्दाला मान वर करायला वेळ नसायचा. आता मार्च सरत आला होता आणि ती शाळेचे गणवेश शिवत होती. चाळिशीची, ठेंगणी, कपाळ थेट मेलितोनचं. त्या कपाळाकडे बघताना ओतिलियाला परत फिरावंसं वाटलं. ती फिरली नाही.

कासिल्दाने तिला बघितलं, ओळखलं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या मुलीच्या कमरेला टाचण्या लावत राहिली. चांगली वीस मिनिटं. मुलगी गेल्यावर तिने फीत गळ्यातून काढून गुंडाळली.

"बोला."

"मी ओतिलिया."

"ठाऊक आहे. त्या दिवशी फाटकाला कडी तुम्हीच लावलीत."

"हो. मीच लावली."

कासिल्दाला बहुधा सबब अपेक्षित होती. ती आली नाही तेव्हा तिने स्टूल पुढे सरकवलं. "का लावलीत?"

"आईला शब्द दिला होता."

"आणि मला बाप शेवटचा बघायचा होता. मी रस्त्यापलीकडे उभी राहिले तासभर. तुमच्या इथल्या एका कुत्र्याने सोबत केली." ती हसली नाही. "आता काय काम काढलंत?"

"सही हवी आहे तुमची. जमीन माझ्या नावावर व्हायला चौघांची सही लागते. अकरा मेच्या आत."

"निदान गोड गोड बोलत तरी आला नाहीत." कासिल्दाने गणवेशाचा ढीग बाजूला केला. "एक विचारू? तुमच्याच नावावर का? कायद्याने मीही मुलगीच आहे ना? माझ्या नावावर का नको?"

हा प्रश्न ओतिलियाने बसमध्ये स्वतःला शंभरदा विचारला होता आणि शंभरदा तिचं उत्तर तयार होतं. अठ्ठावीस वर्षं, सकाळ-संध्याकाळ, पाऊस असो की गारठा. आता समोर ते कपाळ असताना ते उत्तर उद्धट वाटायला लागलं.

"मागता येईल तुम्हाला," ती सावकाश म्हणाली. "तो तुमचा हक्क आहे. मी एवढंच सांगते, मी ती कसते, मला ती कसायची आहे, आणि फर्मिनच्या हातात गेली तर सगळी झाडं उपटली जातील. लिलाव झाला तरी उपटली जातील. घेणारा एकच आहे गावात."

कासिल्दाने मशीनचं चाक उगीच हाताने फिरवलं. "बाबा दर शनिवारी यायचे. बाटलीत नीरा घेऊन. जमिनीबद्दल इतकं बोलायचे की मला वाटायचं ते राज्य आहे. एकदाही नेलं नाही मला." ती उठली. "रविवारी येते. आधी बघू दे तरी, कशावर पाणी सोडायला सांगताय ते."

*

ती आली ती दुकानातल्याच चपला घालून, आणि पहिल्याच बांधावर काटा पायात भरून घेतला. ओतिलियाने तो सुईने काढला. मग त्या ओळींमधून चालत गेल्या. मक्याच्या पट्ट्यांच्या कडेने माणसाहून उंच घायपातं उभी होती आणि पलीकडे मालिन्त्सीचा डोंगर अगदी स्वच्छ दिसत होता.

ओतिलियाने एका झाडाच्या पोटावरचा दगड काढला, नळी आत सोडली, दुसऱ्या टोकाने ओढली आणि भांड्यात धार सोडली. "घ्या."

कासिल्दाने एक घोट घेतला. भांडं खाली केलं, आत पाहिलं, पुन्हा एक घोट घेतला.

"ही ती नाही."

"म्हणजे?"

"बाबा आणायचे ती आंबूस असायची. फेसाळ."

"दोन बस बदलून यायचे ना ते. उन्हात. पोचेपर्यंत आंबायला लागायची."

"चाळीस वर्षं मला वाटत होतं, नीरा आंबटच असते," कासिल्दा म्हणाली. ती तिथेच बांधावर बसली आणि भांडं रिकामं होईपर्यंत उठली नाही. ओतिलिया खरवडत राहिली. तिच्याही आठवणीत शनिवार होते. बाबा सकाळी स्वच्छ सदरा घालून निघायचे आणि आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. त्या दाराआड आई काय करायची ते तिला कधी कळलं नव्हतं. राग यायचा तो मात्र नेहमी दुसऱ्या गावच्या न पाहिलेल्या पोरीचाच.

"मला जमीन नको," कासिल्दा पाठीमागून म्हणाली. "मला या कामातलं ओ का ठो कळत नाही आणि शिकायचं वयही राहिलं नाही. सही देईन. पण टेबलाखालून नाही देणार."

"म्हणजे कशी?"

"तुमच्या गावात जमीनवाल्यांची सभा असते ना, महिन्याच्या शेवटच्या रविवारी? तिथे सगळ्यांसमोर सांगायचं, मी कोण ते. तुमच्या तोंडाने. मग मी तिथेच म्हणेन, माझी सही हिला."

ओतिलियाचा हात थांबला. त्या सभेत आईच्या दोन बहिणी बसायच्या. आईच्या शवपेटीला खांदा दिलेली माणसं बसायची.

"दुसरं काही मागा."

"दुसरं काही नको आहे मला," कासिल्दा म्हणाली आणि लंगडत बसच्या वाटेला लागली.

*

महिनाभर ओतिलियाने ते मनात घोळवलं. काम हाताला होतं तेवढं बरं होतं. मक्याची पेरणी झाली, नाबोरचा कागद शिक्क्यानिशी येऊन पडला, आणि एका सकाळी आईची थोरली बहीण रस्त्यात तिला थांबवून म्हणाली, "त्या बाईला रानात फिरवलंस म्हणे."

"फिरवलं, मावशी."

"देल्फिनाचा जीव तळमळत असेल."

"मावशी, आईचा जीव जिवंतपणी तळमळला तेव्हा बाबांना कुणी काही बोललं? तू बोललीस?"

मावशीने शाल डोक्यावर ओढली. ती पुढे निघाली.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सभागृहात सत्तरेक माणसं होती. पाण्याच्या पाळ्या झाल्या, रस्त्याच्या मोरीवरून वाद झाला. पहिल्या रांगेत रुतिलिओ बसला होता, स्वच्छ टोपी मांडीवर ठेवून, शेजारी फर्मिन. अध्यक्षांनी 'इतर विषय' म्हटल्यावर ओतिलिया उठली. कासिल्दा दाराजवळ भिंतीला टेकून उभी होती. तिने निळा पोशाख घातला होता, नवा, स्वतः शिवलेला.

"मला एक सांगायचंय," ओतिलिया म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "ती दाराशी उभी आहे ना, ती कासिल्दा कुआमात्सी. माझ्या बाबांची मुलगी. माझी बहीण. बाबांच्या मयतीला ती फुलं घेऊन आली होती आणि मी तिला फाटकातून परत पाठवलं. ते मी चुकीचं केलं. बाबांच्या चार मुलांमध्ये तिचा माझ्याइतकाच वाटा आहे. एवढंच."

कुणी खोकलं. मागच्या बाकावरून म्हातारा सेलेदोनियो म्हणाला, "बाई, हे आम्हाला तीस-पस्तीस वर्षं ठाऊक आहे. तुम्हीच सांगायला वेळ लावलात." चारदोन जण हसले. धाकटी मावशी उठून बाहेर गेली, थोरली बसून राहिली.

कासिल्दा पुढे आली. "माझी सही ओतिलियाला," ती म्हणाली. "झाडं ती ओळखते."

फर्मिन उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला होता. "तमाशा झाला असेल तर एक ऐका. चौघांची सही लागते. माझी मिळणार नाही." आणि तो दोघींच्या मधून बाहेर पडला.

रुतिलिओ जाताना ओतिलियापाशी थांबला. माणूस वाईट नव्हता, घाई करणारा होता. "मनाला लावून घेऊ नको, पोरी. लिलावात भेटू."

"लिलाव होणार नाही, काका," ती म्हणाली. "तुम्ही टोमॅटोला दुसरी जागा बघा."

*

चौदा दिवस उरले होते. ती आपिसाकोच्या दुकानात गेली, फर्मिनने गिऱ्हाईक असल्याचं सांगितलं. तीन दिवसांनी पुन्हा गेली, तो मागच्या दाराने बाहेर पडला. तिसऱ्या वेळी ती दुपारी गेली, तो मक्याच्या भाकरीबरोबर काळा घेवडा खात बसला होता तेव्हा. जेवण टाकून जाणारा माणूस तो नव्हता. ती समोर सिमेंटच्या पोत्यावर बसली.

"जमीन नको आहे तुला," ती म्हणाली. "तुला नेमकं काय हवंय ते सांग."

"ती झाडं उपटलेली बघायची आहेत मला."

हे त्याने खाता खाता, सहज म्हटलं.

"बारा वर्षांचा होतो मी," फर्मिन म्हणाला. "शाळेतून काढलं मला बाबांनी. मास्तर घरी आले होते सांगायला, पोरगा गणितात हुशार आहे म्हणून. बाबा म्हणाले, घायपातं मोजायला येतील त्याला. सहा वर्षं खरवडलं. त्या रसाने हात इतके खाजायचे की रात्री मी ते भिंतीवर घासायचो. तू तेव्हा बाहुलीशी खेळत होतीस. आणि मी गेल्यावर तू ती झाडं जपायला लागलीस, जशी काय ती देवाने दिलीत. बाबांनी तुझं कौतुक केलं. माझं एकदा नाही केलं."

"माझंही नाही केलं," ओतिलिया म्हणाली. "पण तुझं ते मला माहीत नव्हतं. शाळेचं माहीत होतं. हातांचं नव्हतं."

फर्मिन भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेने फिरवत राहिला.

"घर घे," ती म्हणाली.

"काय?"

"रस्त्यावरचं घर. दुसरं दुकान टाकायचं म्हणतोस ना कधीपासून? माझा वाटा मी सोडते. नाबोरला विचारलं, तो म्हणाला मला तिथे यायचंच कुठे आहे. कासिल्दाला विचारलं, ती म्हणाली त्या घराचं फाटक मी पाहिलंय, पुरे. सगळं तुझ्या नावावर. जमिनीची सही मला."

"आणि तू कुठे राहणार?"

"रानात खोली आहे."

"खोली? कोठार आहे ते. उंदीर राहतात."

"मग उंदरांना सांगेन, सरकून घ्या."

तो हसला नाही, पण जेवण पुढे सरकवून त्याने हात पुसले. "वेडी आहेस तू. रस्त्यावरचं पक्कं घर देऊन दगडांचं कोठार घेतेस."

"घर मला पुढच्या वर्षीही बांधता येईल. झाड नाही येत."

"घराचा कागद आधी."

"एकाच दिवशी, दोन्ही. आधी-नंतर नाही. तू मला ओळखतोस, मी तुला ओळखते."

फर्मिन बराच वेळ तिच्या हातांकडे बघत बसला. मग त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नऊ तारखेला पेन्सिलीने गोल केला.

*

नऊ मेला चौघांची कामं एका दिवसात झाली. सकाळी नोटरीकडे घराची हक्कसोड, दुपारी न्यायाधिकरणात जमिनीचा करार. नाबोरचा कागद फायलीला टाचलेला होता. फर्मिन आणि कासिल्दा पहिल्यांदाच एका टेबलाला बसले, मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून.

"ह्या कोण तुमच्या?" कारकुनाने फर्मिनला विचारलं.

फर्मिनने खिडकीकडे बघत म्हटलं, "सावत्र."

"सावत्रला रकाना नाही इथे. बहीण लिहू?"

बाहेर कुणीतरी गाडीचा भोंगा दाबून धरला होता.

"लिहा जे लिहायचं ते," फर्मिन म्हणाला.

कारकुनाने लिहिलं. कासिल्दाने सही केली, ठसठशीत, आडनावासकट. फर्मिनने केली. ओतिलियाची शेवटची. शिक्का बसला तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं होतं; त्याऐवजी सडकून भूक लागली. पायऱ्या उतरल्यावर ती फर्मिनला म्हणाली, "जेवून जाऊ या तिघं." तो म्हणाला, दुकान उघडं आहे, आणि गेला. त्या दिवशी तिने आणि कासिल्दाने बाजारातल्या एका हातगाडीपाशी उभं राहून मक्याच्या पानात उकडलेले तमाल खाल्ले, आणि कासिल्दाने तिला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. "तुझ्या हनुवटीला मिरची लागलीय."

मेच्या अखेरीला ओतिलियाने घर रिकामं केलं. पलंग, आईची शिवणाची पेटी, दोन पातेली, देव. सेलेदोनियोच्या खेचरावर दोन खेपांत सगळं रानात गेलं. कोठाराच्या भिंती जाड होत्या, जमीन तिने चोपून सारवली, उंदरांचा बंदोबस्त मांजरावर सोपवला. पहिले काही दिवस तिला फार चुकल्यासारखं झालं. सकाळी डोळा उघडला की आधी घराचं छत शोधायची. पण खरवडायला आता चालत जायचं नव्हतं. दार उघडलं की पहिलं झाड.

रस्त्यावरच्या घराला फर्मिनने पिवळा रंग दिला आणि फाटक काढून तिथे लोखंडी शटर बसवलं. बसमधून जाताना ती बघायची. तो दिसला तर मान हलवायची. तो कधी हलवायचा, कधी पत्रे मोजत राहायचा.

जूनमधल्या एका शनिवारी कासिल्दा पडदे शिवून घेऊन आली. पडदे खिडकीच्या दुप्पट निघाले.

"खिडकी मोजून तरी जायचीस," ओतिलिया म्हणाली.

"ती खिडकी आहे? मला वाटलं भिंतीचा दगड पडलाय."

त्या दिवशी ओतिलियाला मेलेल्या झाडांच्या जागी पिल्लं लावायची होती. मोठ्या घायपातांच्या बुडाशी फुटलेली, हातभर उंचीची. कासिल्दाने या वेळी बूट आणले होते. ती पिल्लं उचलून देत होती, ओतिलिया खड्ड्यात मुळं पसरून माती दाबत होती. सतरा-अठरा लावून झाल्यावर कासिल्दाने कंबर धरली.

"यांना नीरा कधी लागेल?"

"बारा वर्षांनी. पाऊस हुकला तर तेरा."

"म्हणजे मी त्रेपन्न, तू बासष्ट." तिने बोटांवर मोजलं. "जगशील तोवर?"

"जगावंच लागेल," ओतिलिया म्हणाली. "ते दे इकडे, उलटं धरलंयस."